नमुन्यात कीटक आढळला नाही

फोटो चांगला होता, इथूनच सगळं बिनसलं. कीड ओळखून देणाऱ्या कक्षात तिच्या टेबलावर येणारे फोटो सहसा चांगले नसतात. त्यात अंगठा मोठा असतो आणि किडा लहान, किंवा किडा असतो पण तो हललेला असतो, किंवा अख्ख्या स्वयंपाकघराचा फोटो असतो आणि खाली लिहिलेलं असतं, ओट्याच्या कडेला नीट बघा. आज सकाळी मात्र कुणा अनोळखी गृहस्थांनी खिडकीच्या पांढऱ्या कठड्याचा फोटो पाठवला होता. मापासाठी शेजारी नाणं ठेवलेलं, उजेड एका बाजूने घेतलेला, आणि कठड्यावर तांबूस ठिपके, तिखट सांडल्यासारखे. मोठं करून पाहिलं तर ठिपक्यांना पाय होते. आठ पाय, म्हणजे किडा नव्हेच, गोचिडाच्या भावकीतलं काहीतरी. ओळखायला तिला चहाचा घोट गिळण्याएवढाही वेळ लागला नाही. पाखरांच्या घरट्यातली कीड. पिल्लं आहेत तोवर ती पिल्लांचं रक्त पिते. पिल्लं उडाली की उपाशी राहून खाली उतरते आणि जे ऊबदार सापडेल त्याला चावते. माणसावर तिचा संसार चालत नाही, पण चावायला काय जातंय. तिने सवयीने उत्तर टाइप करायला घेतलं. 'आपल्या झोपण्याच्या किंवा बसण्याच्या जागेजवळ कबुतराचे घरटे आहे का? त्यातील पिल्ले अलीकडेच उडून गेली आहेत का?' दुसरं प्रश्नचिन्ह उमटलं आणि तिची बोटं तिथेच राहिली.

आईच्या शिवणयंत्राच्या वर झरोका आहे. त्या झरोक्यात कबुतराने काड्या आणून टाकल्या होत्या, आणि आईने ते फोनवर केवढ्या कौतुकाने सांगितलं होतं. "काड्या तरी किती वेड्यावाकड्या गं! माझ्याकडे शिकायला आली असती तर पहिल्याच दिवशी हाकलली असती." मग पिल्लं झाली. "केस नाहीत, मान लुळी, अगदी तुझ्या आजोबांसारखी दिसतात." मग एक दिवस, "उडाली गं. घर सुनंसुनं वाटतंय." यातलं प्रत्येक वाक्य तिने ऐकलं होतं, कानाशी फोन आणि डोळ्याशी सूक्ष्मदर्शक अशा अवस्थेत, हं हं करत. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी आई म्हणायला लागली होती की हाताला काहीतरी चावतंय. इतकी वर्षं ती परक्या माणसांना हे दोन प्रश्न विचारत आली. आईला विचारले नाहीत. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण तिने तर वळसाही घातला नव्हता. ती आपल्या खुर्चीवर बसून राहिली होती.

समोरच्या टेबलावरचा सहकारी, ज्याला सगळे फोटोवाला म्हणतात कारण आलेले फोटो आधी तो निवडतो आणि मग तिच्याकडे ढकलतो, मान वर करून म्हणाला, "काय झालं? अवघड आहे का?" ती म्हणाली, "नाही. सोपं आहे." तो पुन्हा पडद्यात शिरला. कक्षात नेहमीचा वास होता, स्पिरिटचा, आणि त्याखाली कुणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणलेल्या सडक्या पानांचा. लोकांना कितीदा सांगितलं, पानं कागदात गुंडाळा, किडा स्पिरिटमध्ये बुडवा, चिकटपट्टीवर चिकटवू नका, पण पालथ्या घड्यावर पाणी. भिंतीवरच्या फळ्यांवर बाटल्यांच्या रांगा होत्या: धान्यातले सोंडे, लाकडातले पोरकिडे, कपड्यांतली कसर, वाळवीची पंखवाली राणी, ढेकणांचं एक अख्खं खानदान. बाटलीतल्यांचा तिला कंटाळा नव्हता. बाटलीतला किडा हुज्जत घालत नाही. कंटाळा होता तो बाटली आणणाऱ्यांचा, त्यांच्या डोळ्यांत दिसणाऱ्या त्या अपेक्षेचा की ही बाई आता एक नाव उच्चारेल आणि घर पुन्हा आपलं होईल. नाव उच्चारून काही होत नाही. नाव कळल्यावर खरं काम सुरू होतं, आणि ते ऐकायला कुणी थांबत नाही. असा थकवा तिच्यात कधी साचत गेला ते तिला सांगता आलं नसतं. डोळ्यांच्या मागे तो असायचा, घरी गेल्यावरही जायचा नाही.

कक्षात एक शब्द चालतो, लोकांसमोर उच्चारायचा नाही असा: डबीवाले. खरा किडा ज्याच्या घरात असतो तो किडा कसाही आणतो. चपलेने अर्धा चिरडलेला, जुन्या पिशवीत कोंबलेला, बुरशी धरलेला. त्याला घाई असते. ज्यांच्या नमुन्यात काहीच नसतं ते मात्र फार निगुतीने आणतात. डबीत पुडी, पुडीत कापूस, कापसात चिकटपट्टी, आणि चिकटपट्टीवर धाग्याचा तुकडा, कातडीचा पापुद्रा, घरातला केर. प्रत्येकावर तारीख आणि अंगावर कुठे सापडलं ते. फोटोवाला म्हणतो, पुडीला जितक्या घड्या, तितका किडा कमी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती खो-खो हसली होती. ही माणसं खोटं बोलत नसतात, त्यांना खरोखर चावत असतं. किडाच तेवढा नसतो. कुणाचा जोडीदार गेलेला असतो, कुणाची नोकरी, कुणाला एकटेपण चावत असतं. त्यांच्याशी कसं बोलायचं ते तिला आधीच्या साहेबांनी शिकवलं होतं. आवाज खाली आणायचा. 'किडा नाही' असं कधी म्हणायचं नाही, कधी लिहायचंही नाही. लिहायचं, 'नमुन्यात कीटक आढळला नाही.' साहेब म्हणायचे, "आपण घर बघितलेलं नसतं. आपण डबी बघितलेली असते. डबीपुरतंच बोलावं."

आईने पुड्या आणल्या त्या कापडाच्या होत्या. आयुष्यभर तिने दुसऱ्यांचे कपडे शिवले, पडदे शिवले, शाळेचे गणवेश शिवले, आणि उरलेलं अस्तर कधी टाकलं नाही. त्या पांढऱ्या अस्तराच्या लहान लहान पिशव्या, तोंडाशी एकसारख्या टाक्यांनी बंद केलेल्या, प्रत्येकीला कागदाची चिठ्ठी टाचलेली: डावा हात, यंत्राशी बसले असता. मान, सकाळी. जेवणाच्या सुट्टीत आई कक्षाच्या दाराशी उभी राहिली आणि पर्समधून एक डबी काढून तिच्या हातात ठेवली, डब्यात खाऊ आणावा तशी. तिचा स्वतःचा चेहरा त्या क्षणी कसा झाला असेल? कारण तिने पिशव्या उसवायच्या आधीच ओळखलं होतं. टाके बघून ओळखलं होतं. लोक शितावरून भाताची परीक्षा करतात. तिने पिशवीवरून केली. त्या दिवसांत वाळवी उडण्याचा हंगाम होता, दाराबाहेर बाटल्या घेऊन माणसं ताटकळत होती, आणि वडील जाऊन फार काळ लोटला नव्हता. सगळं जुळत होतं. फार सहज जुळत होतं. "टिंब असतं गं एवढंसं," आई म्हणाली होती, "पण चालतं." ती म्हणाली, "आई, केर असेल, दोरे असतील. तू दिवसभर कापडात असतेस." आई म्हणाली, "सुईत दोरा अजून मी बिनचष्म्याची ओवते. मला टिंब आणि दोरा कळत नाही होय?" तिने पहिल्या दोन पिशव्या नीट पाहिल्या. बाकीच्या उसवून भिंगाखालून नुसत्या सरकवल्या. धागे, धागे, पापुद्रा, धागे.

आणि मग संध्याकाळी आईकडे जाऊन तिने तो आवाज लावला, डबीवाल्यांसाठी राखून ठेवलेला. फक्त घरी आल्यावर साहेबांची शिकवण गळून पडली. आईशी कोण 'नमुन्यात' वगैरे बोलतं? ती म्हणाली, "काही नाहीये गं आई. भास आहे. एकटं राहिलं की होतं असं. खाजवायचं नाही. खाजवलं की मन त्यालाच धरून बसतं. मन दुसरीकडे लाव." आई बराच वेळ आपल्या हातांकडे बघत बसली होती. मग म्हणाली, "तू बघितलंस ना पण? नीट?" "नीट बघितलं." "मग झालं," आई म्हणाली आणि चहा टाकायला उठली. त्या क्षणी तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. एक माणूस तरी हुज्जत न घालता ऐकतंय, असं वाटलं होतं. आता ते 'मग झालं' कानात येऊन बसलं, आणि त्यात सुटका कुठेच नव्हती.

धाकट्या भावाला तिनेच कळवलं. तो दुसऱ्या गावी असतो आणि कर्तबगार आहे; एखादी गोष्ट ठरली की ती करून मोकळा होतो. "ताई, तूच बघितलंस म्हणजे प्रश्नच नाही," तो म्हणाला. त्याने आईला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, किडे तपासून घेतलेत का, आणि धाकट्याने अभिमानाने सांगितलं, तिची मुलगीच तज्ज्ञ आहे. यावर डॉक्टर तरी काय बोलणार? गोळी सुरू झाली. आई शांत झाली, सगळे म्हणाले फरक पडला. फोनवर ती आता चावण्याचं काढत नव्हती, कबुतरांचंही काढत नव्हती, कुणाचंच काही काढत नव्हती. मग ठरलं की तिला एकटं ठेवणं बरं नाही, धाकट्याकडे न्यायचं, घर सोडून द्यायचं. यंत्र तिकडे मावणार नव्हतं. ते गल्लीतल्या शिंप्याला द्यायचं, तो आज दुपारी न्यायला येणार होता. हे सगळं तिला माहीत होतं आणि तिने सगळ्याला हो म्हटलं होतं, कारण नाही म्हणायला काही कारण असावं लागतं आणि थोडी ताकद लागते.

तिने टेबलाचा खण उघडला. आईची डबी तिथेच होती; नातलगांची वस्तू टाकवत नाही एवढंच तिचं कारण. नीट न पाहिलेल्या पिशव्यांतली एक तिने घेतली, आतली चिकटपट्टी सोडवायला काचेवर स्पिरिटचा थेंब टाकला आणि या वेळी मोठं भिंग लावलं. निळा धागा आला, दोरखंडाएवढा. पापुद्रा आला. धाग्याच्या वळणात एक पिचलेली, सुकलेली गोष्ट होती, केराच्याच रंगाची. तिने सुईने ती हळूच उलटी केली. पाय पोटाशी मुडपलेले होते. एका बाजूला चार. दुसऱ्या बाजूचे मोजायची गरज नव्हती, तरी तिने मोजले. "बघू?" फोटोवाला मागे येऊन उभा होता. त्याने डोळा लावला आणि म्हणाला, "कबुतरावरची. सकाळचीच ना? त्यांनी नमुना पण पाठवला वाटतं." मग त्याला पांढरं अस्तर दिसलं, टाके दिसले, आणि तो हसू आवरत म्हणाला, "डबीवाल्याकडे खरा किडा! आक्रीतच म्हणायचं." ती म्हणाली, "आईचं आहे." त्याचं हसू मावळलं. तिने हातभिंग पर्समध्ये टाकलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकायला त्यालाच सांगून निघाली.

बसथांब्यावर उभं राहून तिने धाकट्याला फोन केला. "घर सोडू नकोस. आईला खरंच चावतंय. मला सापडलं." तो म्हणाला, "ताई, तूच म्हणालीस काही नाही म्हणून." "चुकले मी." "अगं, चुकले काय? मी डॉक्टरांना तुझं नाव सांगितलं. आई गोळ्या घेतेय. बरी झालीय ती." "बरी झाली नाहीये, गप्प झालीय." तो चिडला नाही, चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता दमल्या आवाजात म्हणाला, "बरं. थांबवतो. पण आता आईला तूच सांग." बस आली. खिडकीतून दुकानं, दुरुस्तीला काढलेले रस्ते, छपरांच्या कडांवर ओळीने बसलेली कबुतरं मागे जात राहिली. इतकी कबुतरं या शहरात आहेत हे तिला माहीत होतं, पण ती सगळी कुणाच्या ना कुणाच्या झरोक्यावर असतात हे आज दिसत होतं. ती मनात वाक्यं जुळवत होती. आई, मी नीट बघितलं नव्हतं. आई, तुझे डोळे बरोबर होते. आई खूश होईल, रागावेल, म्हणेल, मी सांगत होते ना, तुला म्हणून एवढं शिकवलं का? ती बोलणी खायला तिची तयारी होती. खरं तर तिला ती हवी होती.

दार उघडंच होतं. आई यंत्राशी बसली होती, पण शिवत नव्हती. फडक्याने यंत्राचं चाक पुसत होती. खोलीत बांधलेली गाठोडी होती, भिंतीवर वडिलांच्या फोटोच्या जागी फिकट चौकोन. "तू कशी आलीस? बरं नाही का?" आईने विचारलं. शब्द आता तिच्या तोंडून एकेक करून येतात, मोजून कापल्यासारखे. ती थेट स्टुलावर चढली आणि झरोक्यात पाहिलं. वेड्यावाकड्या काड्या, वाळलेली विष्ठा, एक पीस. आणि झरोक्याच्या चुन्यावरून खाली, थेट यंत्रापर्यंत, तांबूस टिंबांची विरळ रांग. तिला रडू आलं. तिने हात लांब करून काड्या हलवल्या तशी टिंबं तिच्या मनगटावर चढली. तेवढ्यात शिंपी दारात आला, बरोबर हातगाडी घेऊन. ती स्टुलावरूनच म्हणाली, "आज नाही न्यायचं." शिंपी म्हणाला, "पण तुमच्या भावानं..." "आज नाही, कधीच नाही. माफ करा." तो दोघींकडे पाहून निघून गेला. आई म्हणाली, "का गं परत पाठवलंस? गरज होती त्याला. मी आता शिवत नाही."

ती खाली उतरून आईसमोर जमिनीवर बसली. जुळवलेली वाक्यं कुठे गेली कोण जाणे. "आई, चुकलं माझं. तुझ्या पिशवीत किडा होता. मी बघितलाच नाही नीट. कबुतराच्या घरट्यातून येतात, तुला खरंच चावत होते. ऐकतेस ना? तुला काहीही झालेलं नाही." आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "बरं," ती म्हणाली. "बरं काय, आई! हात बघ तुझा. मनगटाच्या वर. चालतंय." आईने हात पुढे धरून पाहिलं. तिचे डोळे लगेच त्या टिंबावर गेले, पूर्वी टाका चुकला की जायचे तसे, आणि टिंबाबरोबर सरकत राहिले. "दिसतंय ना?" "दिसतं की," आई म्हणाली. "रोजच दिसतं. पण ते नसतं ना गं."

"असतं! हे घे." तिने हातभिंग आईच्या डोळ्याशी धरलं. आईने आज्ञाधारकपणे भिंगातून पाहिलं, अगदी नीट, घाई न करता. "पाय आहेत," ती म्हणाली. "हो ना? आठ आहेत, मोज." "मोजायचं नाही," आई हळूच म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, कधीकधी अगदी खरं वाटेल. तेव्हा मोजायचं नाही, बघत बसायचं नाही." "अगं पण मी सांगतेय ना, मी, तुझी मुलगी! मला कळतं यातलं." "तेव्हा पण तूच सांगितलंस," आई म्हणाली. तिच्या आवाजात टोचणी नव्हती. टोचणी असती तर धरायला काहीतरी मिळालं असतं. दोन सांगण्यांपैकी पहिलं सांगणं तिने कष्टाने पचवलं होतं, किती दिवस हात मांडीखाली दाबून पचवलं होतं, आणि आता दुसऱ्यासाठी तिच्यात जागा उरली नव्हती. इतकंच. ती आईकडे पाहत राहिली. कक्षात कुणी किडा आहे म्हणून हटून बसलं की तिला वैताग यायचा. नाही म्हणून बसलेल्या माणसाचं काय करायचं ते कुणीच शिकवलं नव्हतं.

तिच्या स्वतःच्या मनगटाला चावलं. मग कोपराजवळ, मग बाहीच्या आत. बारीक, झोंबणारी, कुठे आहे ते धड न सांगता येणारी खाज. ती खाजवायला लागली, नखांनी, करकरून, आणि थांबता येईना. आईने लगेच तिचा हात धरला. लहानपणी कांजण्या आल्या होत्या तेव्हा धरला होता तसा, घट्ट आणि मायेने. "खाजवू नकोस, बाळा. खाजवलं की मन त्यालाच धरून बसतं. मन दुसरीकडे लाव." तिने मान हलवली. आई उठली. यंत्राच्या खणातून तिने गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी तळहातावर घेतली आणि दोरा कापायच्या लहान कात्रीने तिचे दोन तुकडे केले. दोन्ही अगदी सारखे, जराही चुरा न पडता, बिनचष्म्याने. "अर्धी घे. पूर्ण घेतलीस तर झोप येईल. पहिले थोडे दिवस जड जातं, मग वाटेनासं होतं." अर्धी गोळी घ्यायला तिने हात पुढे केला. आईच्या कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी पातळ असते, तिथे ते टिंब आता थांबलं होतं. आईने ते पाहिलं. हात हलवला नाही.